यासू एफटी-८५७डी लॅपटॉपशी बोलतच नाही: कॅट केबल आणि सीरियल पोर्ट, मदत हवी

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोक हवेवरून एकमेकांशी बोलतात तो, बाबांचा आहे. त्यांच्याकडे जनरल ग्रेडचं लायसन्स आहे आणि चाळीस मीटरच्या बँडवर रोज सकाळी त्यांच्या गप्पा असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका परिचितांकडून वापरलेला एफटी-८५७डी घेतला. रेडिओ उत्तम आहे, पण त्याचा डिस्प्ले आगपेटीएवढा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बाबांना ते आकडे नीट दिसत नाहीत. गेल्या महिन्यात दोनदा ते ७०९० किलोहर्ट्झ समजून ७०९६ वर हाका मारत बसले होते. त्यानंतर त्यांनी रेडिओ लावणंच कमी केलंय, आणि ते मला बघवत नाही.

म्हणून ठरवलं की रेडिओ लॅपटॉपला जोडायचा आणि एफएलरिग नावाच्या प्रोग्रामवर वारंवारता मोठ्या अक्षरांत दाखवायची. घरात २४ इंची मॉनिटर पडून आहे. ऑनलाइन एक यूएसबी कॅट केबल मागवली, म्हणजे संगणकाला रेडिओशी बोलू देणारी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला आठ पिनांचा गोल मिनी-डिन प्लग. मागच्या 'कॅट/लिनिअर' सॉकेटमध्ये ती व्यवस्थित बसते.

एफएलरिग रेडिओकडून उत्तरच येत नाही म्हणतो. लॅपटॉप नवा आहे, विंडोज ११. प्रोग्राम तीनदा काढून पुन्हा टाकला, दुसरे दोन प्रोग्रामही लावून पाहिले. मी स्वतः हॅम नाही, नोकरी हिशेबाची. कुठून सुरुवात करू?

---

लकडीपूल | शनिवार, रात्री १०:०५

आधी डिव्हाइस मॅनेजर उघड. 'पोर्ट्स' खाली काय दिसतंय? कॉम ३, कॉम ५ असं काही? की पिवळा त्रिकोण?

---

सोल्डरकाका | शनिवार, रात्री १०:३२

पर्वतीपायथा, आता प्रोग्रामला हात लावू नका. तीनदा टाकून झाला ना, त्याचा यात दोष नाही.

असं बघा. लॅपटॉपपासून रेडिओपर्यंत पाच ठिकाणं आहेत. लॅपटॉपमधला ड्रायव्हर, केबलमधली यूएसबीचं सीरियल करणारी चिप, तारा आणि प्लग, रेडिओची सेटिंग, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. पाचही ठिकाणी एकदम चाचपडलं तर महिना जाईल. मधोमध तोडायचं आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते आधी पाहायचं. पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करताना आम्ही हेच करायचो. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरला स्क्रूड्रायव्हर लावला आणि स्पीकर गुणगुणला, की पुढचा भाग निर्दोष, आता मागे बघा.

तुमच्या बाबतीत तो मधला बिंदू म्हणजे केबलचं रेडिओकडचं टोक. रेडिओ बाजूला ठेवा. एकटी केबल लॅपटॉपशी नीट वागते का, तेवढंच आज पाहा. लकडीपूल विचारतोय ते सांगा, मग पुढची पायरी देतो.

---

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री ११:१०

पिवळा त्रिकोण आहे. गुणधर्मांत 'कोड १०' आणि हे उपकरण सुरू होऊ शकत नाही असं काहीतरी. चिपच्या नावाच्या जागी तर एक वाक्यच लिहिलंय, की ही चिप २०१२ पासून बंद झालेली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा.

---

लकडीपूल | शनिवार, रात्री ११:२२

मग कळलं. त्या केबलमधली चिप फार जुनी तरी आहे किंवा दुसऱ्या कुणी केलेली नक्कल आहे. नव्या विंडोजबरोबर येणारा ड्रायव्हर ती ओळखतो आणि चालवत नाही. जुना ड्रायव्हर शोधून जबरदस्तीने बसवणारे लोक आहेत. काही दिवस चालतं, मग एखाद्या अपडेटमध्ये नवा ड्रायव्हर परत येतो आणि केबल पुन्हा बंद. बाबांसाठी करतोयस तर त्या वाटेला जाऊ नकोस, केबल बदल.

---

सोल्डरकाका | रविवार, सकाळी ७:१५

लकडीपूलशी सहमत.

नक्कल चिपांचा हा प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अशा चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला. तो नकली चिपमधला ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा, आणि मग संगणक ती चिप ओळखेनासा व्हायचा. त्यावर जगभर एवढी ओरड झाली की तो मागे घ्यावा लागला. आपण पैसे खऱ्या चिपचे मोजतो आणि आत काय आहे ते प्लास्टिक फोडल्याशिवाय कळत नाही, ही यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

नवी केबल घेताना एक गोष्ट जिवापाड जपा. ८५७ च्या त्या सॉकेटवर येणारे संकेत टीटीएल पातळीचे असतात, म्हणजे ० ते ५ व्होल्ट. जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टवर ते उणे-अधिक असतात, ३ ते १५ व्होल्टपर्यंत, आणि अर्थही उलटा असतो. तिथे ऋण व्होल्टेज म्हणजे १ आणि धन म्हणजे ०. यासूच्या सीटी-६२ केबलच्या मधोमध जी डबी असते ती हेच रूपांतर करते. त्यामुळे बाजारातली साधी यूएसबी ते नऊ पिन केबल घेऊन तिला मिनी-डिन प्लग डकवला, तर चालणार तर नाहीच, वर रेडिओचा पोर्ट जळू शकतो. एकतर सीटी-६२ आणि तिच्यापुढे चांगला यूएसबी-सीरियल अडॅप्टर, नाहीतर ५ व्होल्ट टीटीएलची थेट यूएसबी केबल. तिसरा मार्ग नाही.

---

तिसरीपिन | रविवार, सकाळी ८:५०

मधेच बोलतो, कारण हे फार कमी लोक सांगतात आणि यात पोर्ट मरतात.

पर्वतीपायथा, लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा आहे का? रेडिओचा पॉवर सप्लाय तीन पिनांचा असेल तर तो खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये आहे का? वाड्यांतल्या आणि जुन्या सोसायट्यांतल्या खोल्यांमध्ये तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते.

चार्जरच्या आत आवाज दाबण्यासाठी छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे लॅपटॉपचा धातूचा भाग २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला फक्त झिणझिण जाणवते. लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं की खरखरीत लागतं, ते हेच. पण आपण यूएसबी केबल रेडिओत खुपसतो तेव्हा ग्राउंडच्या आधी संकेताची पिन टेकली, तर तो झटका थेट रेडिओच्या चिपला बसतो.

म्हणून आधी अर्थिंग तपासा. टेस्टर लॅम्प फेज आणि अर्थमध्ये पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. रेडिओ, पॉवर सप्लाय आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर ठेवा. आणि केबल कायम सगळं बंद असताना जोडा, लॅपटॉपचा चार्जर काढून.

---

पर्वतीपायथा | रविवार, दुपारी १:३०

तिसरीपिन, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लॅपटॉपला झिणझिण लागते हे आई वर्षभर सांगत होती आणि आम्ही तिचा हात ओला असेल म्हणत होतो. वायरमन येऊन गेला. बाबांच्या खोलीतल्या बोर्डची अर्थिंगची तार मुख्य बोर्डापाशीच सुटलेली होती. जोडली. झिणझिण गेली.

नवी केबल एका ओळखीच्या हॅमकडून आजच आणतोय, ५ व्होल्ट टीटीएलची. आत खरी एफटीडीआय चिप आहे असं ते म्हणाले.

---

कोथरूडडेपो | रविवार, दुपारी ४:१२

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? माझ्याकडे आयकॉमचा आयसी-७१८ रेडिओ आहे. घरी केलेली केबल, ३.५ मिमी जॅक. टर्मिनलमध्ये आज्ञा पाठवली की उत्तर म्हणून माझीच आज्ञा परत येते. केबल शॉर्ट आहे का?

---

सोल्डरकाका | रविवार, दुपारी ४:४०

नाही, बरोबर आहे. आयकॉमची सीआय-व्ही ही संगणकाशी बोलायची एकाच तारेवरची पद्धत आहे. पाठवणं आणि घेणं त्याच तारेवर होतं, त्यामुळे आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं. ते परत येतंय म्हणजे तुमची केबल आणि चिप दोन्ही ठीक. त्यापाठोपाठ रेडिओचं स्वतःचं उत्तर यायला हवं. येत नसेल तर पत्ता पाहा. आयसी-७१८ चा मूळ पत्ता ५ई आहे, आयसी-७३०० चा ९४. प्रोग्राममध्ये दुसरं मॉडेल निवडलं असेल तर रेडिओला हाक आपल्यासाठी आहे हे कळतच नाही. तो गप्प बसतो.

---

कोथरूडडेपो | रविवार, संध्याकाळी ५:०५

पत्ताच होता! मॉडेल ७०६ निवडलं होतं. आता चालू.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ८:२०

नवी केबल लावली. पिवळा त्रिकोण नाही, कॉम ४ दिसतोय. पण एफएलरिगमध्ये तीच कहाणी. उत्तर नाही.

---

सोल्डरकाका | रविवार, रात्री ८:४५

छान, अर्धी वाट झाली. आता लूपबॅक, म्हणजे पाठवलेलं आपल्यालाच परत येतं का ते पाहायचं.

केबल रेडिओतून काढा. त्या सॉकेटच्या एका पिनवर १३.८ व्होल्ट असतात, त्यामुळे ही परीक्षा रेडिओत लावलेली असताना कधीही करायची नाही. मोकळ्या प्लगवर टीएक्सडी (पाठवायची) आणि आरएक्सडी (घ्यायची) या दोन पिना एका बारीक तारेने एकमेकींना जोडा. पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये आहे, पण लक्ष द्या, ती आकृती रेडिओच्या सॉकेटची आहे. हातातल्या प्लगकडे समोरून पाहिलं की ती आरशातल्यासारखी उलटी होते. यात मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

मग पुट्टी किंवा कुठलाही टर्मिनल प्रोग्राम उघडून कॉम ४ निवडा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर परत आलं, की लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप, तार, प्लग सगळे पास. तार काढल्यावर अक्षरं यायची थांबली पाहिजेत, तेही बघा. नाहीतर टर्मिनलचा स्वतःचा एको चालू असतो आणि आपण फसतो.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:००

'पुणे' लिहिलं, 'पुणे' परत आलं. म्हणजे इंग्रजी अक्षरांत. तार काढली, थांबलं.

---

सोल्डरकाका | रविवार, रात्री १०:०८

मग दोष रेडिओच्या सेटिंगमध्ये. आता केबलकडे पुन्हा संशयाने बघायचं नाही. मेनू २० काढा, 'कॅट/लिन/ट्यून'. काय लिहिलंय?

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:२५

ट्यूनर.

---

सोल्डरकाका | रविवार, रात्री १०:३१

सापडलं. ८५७ च्या मागचं ते एकच सॉकेट तीन कामांना वापरतात. संगणक, लिनिअर ॲम्प्लिफायर, नाहीतर ऑटोमॅटिक ट्यूनर. ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडे ट्यूनर असणार. 'कॅट' करा. मग मेनू १९, 'कॅट रेट'. तिथे ४८००, ९६०० आणि ३८४०० असे तीन पर्याय आहेत. जो असेल तोच एफएलरिगमध्ये घाला. आणि स्टॉप बिट दोन. बहुतेक प्रोग्राम एक धरून चालतात. रेडिओ एकदा बंद करून चालू करा.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:५८

आकडे आले!! पण चुकीचे. रेडिओवर ७०९० आहे, पडद्यावर मधेच काहीतरी भलतंच येतं, मधेच रिकामं. रेडिओत ३८४०० आहे, मी ९६०० ठेवलं होतं. थांबा, बदलून बघतो.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ११:०६

७०९०.००. अगदी बरोबर. बाबा झोपलेत, नाहीतर आत्ताच उठवलं असतं.

---

लकडीपूल | रविवार, रात्री ११:१५

ज्याला आतलं बघायला आवडतं त्याच्यासाठी सांगतो, कारण हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता. या यासूची भाषा पाच बाइटची आहे. चार बाइट माहिती आणि पाचवा आज्ञेचा. 'वारंवारता सांग' म्हणजे ०० ०० ०० ०० ०३. रेडिओ पाच बाइट परत पाठवतो. रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर यूएसबीत (केबलची यूएसबी नव्हे, अप्पर साइडबँड) असेल तर ०१ ४० ७४ ०० ०१. पहिले चार सरळ वाचा. दहा हर्ट्झच्या पटीत वारंवारता, साध्या डोळ्यांनी कळते. शेवटचा ०१ म्हणजे यूएसबी, ०० असता तर एलएसबी, म्हणजे लोअर साइडबँड. बाबा चाळीस मीटरवर बोलतात म्हणजे तुला तिथे ०० दिसेल. हेक्स दाखवणाऱ्या कुठल्याही टर्मिनलमध्ये करून बघ.

केनवुडची भाषा साध्या अक्षरांची, 'एफए' आणि अर्धविराम पाठवला की वारंवारता अकरा आकड्यांत येते. नंतरच्या यासूंनीही, ८९१, ९९१ए वगैरे, अक्षरांचीच पद्धत घेतली. म्हणून प्रोग्राममध्ये मॉडेल नेमकं निवडणं महत्त्वाचं. '८५७ नाही मिळालं म्हणून ८९१ घेतलं' असं चालत नाही.

---

नळस्टॉप | सोमवार, सकाळी ९:३०

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. पोर्ट दिसतो पण 'परवानगी नाही' येत असेल तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. आणि सीएच३४० चिपची केबल उबंटू २२.०४ वर लावताच गायब होत असेल, तर अंधांसाठी ब्रेल यंत्र चालवणारी 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा तिला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ती काढून टाका.

९९१ए वाल्यांना विंडोजमध्ये दोन पोर्ट दिसतात, 'एन्हान्स्ड' आणि 'स्टँडर्ड'. कॅट एन्हान्स्डवर असतं.

---

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ८:५०

आज सकाळी बाबांना दाखवलं. मॉनिटरवर पंजाएवढे आकडे. ते खुर्ची मागे सरकवून बराच वेळ नुसते बघत बसले, डायल इकडे-तिकडे फिरवून आकडे बदलताना पाहत होते.

पण एक अडचण उरली. ऐकताना सगळं उत्तम. बाबा माइक दाबून बोलायला लागले की काही सेकंदांत आकडे गोठतात आणि विंडोज यूएसबी निघाल्याचा 'टुंग-टुंग' आवाज करतं. मग केबल काढून घालावी लागते. दोनदा लॅपटॉपचा माउसही बंद पडला. केबल पुन्हा खराब आहे का?

---

खडकवासला४० | सोमवार, रात्री ९:२०

केबल नाही. अँटेना.

तीन गोष्टी सांगा. अँटेना कुठली, कोॲक्स (अँटेनाकडे जाणारी कवचवाली केबल) किती लांब, आणि पॉवर किती?

---

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ९:४४

सोसायटीच्या गच्चीवर टोकाला फीड केलेली तार आहे, पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या पाइपपर्यंत, साधारण वीस मीटर. कोॲक्स गच्चीवरून बाबांच्या खिडकीपर्यंत, सुमारे अकरा मीटर. पॉवर १०० वॉट.

---

खडकवासला४० | सोमवार, रात्री १०:१०

मग आधी खात्री करून घेऊ, अंदाजावर खर्च नको.

१) पॉवर ५ वॉटवर आणा आणि बाबांना मिनिटभर बोलू द्या. नंतर २०, ५०, १००. कुठे तुटतं ते लिहून ठेवा.
२) अँटेना काढून तिथे डमी लोड (पॉवर हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोधक) लावा आणि पूर्ण १०० वॉटवर बोला.

डमी लोडवर १०० वॉटला तुटलं नाही, पण अँटेनावर ५० ला तुटलं, तर केबल, चिप आणि रेडिओ तिघेही निर्दोष. अँटेनामार्गे रेडिओ लहर खोलीत परत येतेय आणि यूएसबी तारेवर चढतेय. डमी लोड नसेल तर सांगा, माझा घेऊन येतो, मी सिंहगड रस्त्यावरच आहे.

---

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री ९:००

खडकवासला४० स्वतः डमी लोड घेऊन आले आणि चहा घेऊन गेले. बाबांना त्यांचा आवाज हवेवरून ओळखीचा होता, चेहरा आज पहिल्यांदा पाहिला.

५ वॉट ठीक. २० ठीक. ५० ला कधी तुटतं, कधी नाही. १०० ला दोन-तीन वाक्यांत नक्की. डमी लोडवर १०० वॉटला बाबांनी पाच मिनिटं अख्खी वर्णमाला म्हटली, एकदाही तुटलं नाही.

---

खडकवासला४० | मंगळवार, रात्री ९:३५

बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण गच्चीवर टोकाला फीड केलेली तार टाकणारे आपल्याकडे खूप आहेत. सोसायटीत डायपोलला मधोमध खांब कोण उभारू देतो?

वीस मीटरची तार चाळीस मीटर बँडवर अर्धी लहर होते. तिला टोकाकडून फीड केलं तरी करंटला परतीची वाट लागतेच. त्यासाठी वेगळी तार, म्हणजे काउंटरपॉइज, दिली नाही, तर ती वाट कोॲक्सच्या कवचाची बाहेरची बाजू बनते. ७.१ मेगाहर्ट्झला पाव लहर साधारण साडेदहा मीटर. यांची कोॲक्स अकरा मीटर. म्हणजे कोॲक्सचं कवच अँटेनाचा भाग होऊन बसलंय आणि तिचं दुसरं टोक थेट बाबांच्या टेबलावर आहे. तिथून रेडिओची बॉडी, तिथून यूएसबी केबलचं ग्राउंड, तिथून लॅपटॉप. यूएसबीची चिप गोंधळते, विंडोजला वाटतं उपकरण निघालं. माउसही बंद पडला, ही तर साक्षच.

उपाय आधी उगमापाशी, मग टेबलावर.

गच्चीवर फीडपॉइंटला, म्हणजे कोॲक्स तारेला जोडते तिथे, दोन मीटरची काउंटरपॉइज तार द्या. तिथून दोनेक मीटर खाली कोॲक्सवर चोक घाला, म्हणजे कोॲक्सचा तेवढा तुकडा सोडून कवचावरचा करंट पुढे खोलीकडे येणार नाही. ३१ नंबर मिश्रणाची २४० आकाराची फेराइट रिंग, म्हणजे बाहेरचा व्यास २.४ इंच, तिच्यातून आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. पावसाळ्याआधी डबीत बंद करा आणि तोंड खाली ठेवा. पाणी आत गेलं की कोॲक्सचं कवच हिरवं पडतं आणि मग वेगळाच धागा काढावा लागतो.

टेबलावर यूएसबी केबल शक्य तितकी आखूड घ्या आणि फेराइटमधून पाच-सहा वेढे द्या. अडवण्याची ताकद वेढ्यांच्या साधारण वर्गाने वाढते. एका वेढ्याचे तीन मणी लावले तर तिप्पट, पण एकाच मण्यातून तीन वेढे दिले तर जवळपास नऊपट. लोक केबलवर मण्यांची माळ ओवतात, त्यापेक्षा मोठ्या भोकाचा एकच घ्या.

---

सोल्डरकाका | मंगळवार, रात्री १०:०२

रिंग तपकीर गल्लीत विचारताना मिश्रणाचा नंबर सांगा. नुसतं 'फेराइट द्या' म्हटलं तर पॉवर सप्लायची पिवळी-पांढरी रिंग हातात येते. ती लोहभुकटीची असते, या कामाची नाही. यूएसबीसाठी जुन्या बाजारातल्या बंद मॉनिटरच्या केबलवरचे काळे फुगीर मणी चालतात, प्लास्टिक कापून काढा. मिश्रण कळत नाही, पण तुमच्याकडे ५० वॉटची सीमारेषा माहीत आहे, म्हणजे लावून लगेच मोजता येईल.

आणि ३८४०० ची गरज नाही, ४८०० करा. सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि स्टॉपचे दोन धरून एका बाइटला अकरा बिट. पाच बाइटांचे ५५. ४८०० वर साडेअकरा मिलिसेकंदांत उत्तर येतं. डोळ्याला यापेक्षा वेगाने काय दिसणार आहे? कमी वेगावर प्रत्येक बिट लांब असतो, बारीकसारीक खरखरीने बिघडत नाही. यूएसबी तुटण्यावर हा उपाय नाही, तो खडकवासला४० सांगतात तोच.

---

कोथरूडडेपो | बुधवार, दुपारी १२:४०

माझं सीआय-व्ही चालू झाल्यावर एक नवीन. लॉगिंगचा प्रोग्राम चालू असताना एफटी८ चा (संगणकी संदेशांचा) उघडला की 'पोर्ट वापरात आहे' येतं. आणि पीटीटीसाठी, म्हणजे रेडिओ ट्रान्समिटवर टाकण्यासाठी, दुसरा अडॅप्टर लावलाय, तो पोर्ट उघडताच रेडिओ आपोआप ट्रान्समिटला जातो.

---

लकडीपूल | बुधवार, दुपारी १:१५

कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामचा. दोघांना हवा असेल तर पोर्ट एफएलरिगला द्या आणि बाकीच्यांना एफएलरिगशी बोलायला सांगा. एफटी८ चा प्रोग्राम डब्ल्यूएसजेटी-एक्स, त्याच्या रेडिओच्या यादीत एफएलरिगचं नाव आहे, ते निवडा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हा आरटीएस आणि डीटीआर या दोन ओळी वर उचलतो, आणि तुमच्या अडॅप्टरवर त्यातलीच एक पीटीटीला जोडलेली आहे. सेटिंगमध्ये दोन्ही 'लो' ठेवा. तोवर लॅपटॉप सुरू करताना रेडिओ बंद किंवा डमी लोडवर. विंडोज सुरू होतानाही त्या ओळी हलू शकतात.

---

पर्वतीपायथा | रविवार, संध्याकाळी ६:३०

आज गच्चीवर काम केलं. खडकवासला४० ना बाबांनी खाली उतरूच दिलं नाही, वरच जेवण पाठवलं. काउंटरपॉइज टाकली, चोकला बारा वेढे दिले, तोंड खाली करून डबी टाकीच्या सावलीत बांधली. यूएसबी केबल ५० सेंटिमीटरची घेतली, जुन्या मॉनिटरचा मणी, पाच वेढे. मेनू १९ मध्ये ४८००.

नुसता मणी लावून आधी मोजलं, सोल्डरकाका, तुम्ही म्हणालात म्हणून. ५० वॉट पक्के झाले, १०० ला तरीही तुटत होतं. गच्चीवरचा चोक लागल्यावर १०० वॉटला वीस मिनिटं, एकदाही नाही. माउसही जिवंत. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप) थोडा बदलला होता, खडकवासला४० नी तार हातभर कापून जमवून घेतला.

यूएसबी प्लगला कागदाची पट्टी चिकटवली आहे. 'डावं भोक, कॉम ४, ४८००, स्टॉप २, मेनू २० कॅट'. मी घरी नसताना आईलाही लावता यावं म्हणून.

---

सोल्डरकाका | सोमवार, सकाळी ७:४०

आज सकाळी ७०९० वर तुमच्या बाबांचा आवाज होता. नेमक्या ७०९०.०० वर. मी ५-९ दिला, म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरदार, आणि त्यांनी मला सांगितलं की मी वीस हर्ट्झने वर आहे. डायल सरकवून घेतला.